सोनौली बॉर्डरवरून लुंबिनी, सकाळी जाऊन रात्री परत (अनुभव लिहितेय, तुमचेही लिहा)

रानजाई

नमस्कार मंडळी, गेल्या डिसेंबरात आम्ही गोरखपूरहून सोनौली बॉर्डर ओलांडून नेपाळातल्या लुंबिनीला (बुद्धांचं जन्मस्थान) गेलो आणि त्याच दिवशी परत आलो. जायच्या आधी मी मराठीत खूप शोधलं पण जे मिळालं ते सगळं बसटूरच्या जाहिरातींसारखं होतं, म्हणून जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतेय.

आम्ही पाच जण, मी, नवरा, चौदा वर्षांची लेक, आई (७२) आणि मावशी (६८). आईचं किती वर्षांपासून होतं की एकदा लुंबिनीची माती कपाळाला लावायचीय. सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर तिचं आमच्या विहाराच्या बसबरोबर झालेलं, पण त्या खेपेला बॉर्डरवर बस अडकली आणि लुंबिनीत पोचेपर्यंत अंधार पडला, दार बंद, बाहेरूनच हात जोडून परत. तेव्हापासून तिच्या मनात ते राहून गेलं होतं. म्हणून या वेळी ठरवलं की दुसरं काहीच बघायचं नाही, फक्त लुंबिनी.

गोरखपूरहून पहाटे सहाला भाड्याची गाडी घेऊन निघालो. सोनौली साधारण शंभर किलोमीटर, महाराजगंज जिल्ह्यात. धुकं इतकं होतं की पहिले दोन तास ड्रायव्हरने काच खाली करून डोकं बाहेर काढून गाडी चालवली, आई मागे बुद्धवंदना म्हणत होती आणि आम्ही सगळे गप्प. बॉर्डरच्या अलीकडे ट्रकची रांग लागते, ती बघून धडकी भरते, पण ती मालाची रांग, छोट्या गाड्या बाजूने पुढे काढतात.

आता आमची चूक सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. गाडीवाल्याने आदल्या रात्री सांगितलेलं की गाडी थेट लुंबिनीपर्यंत नेतो, काळजी करू नका. पण भारतीय गाडी नेपाळात न्यायची तर पलीकडे भन्सार करावं लागतं. भन्सार म्हणजे कस्टम. गाडीचं आरसी बुक, लायसन्स सगळं ओरिजिनल लागतं, दिवसाप्रमाणे पैसे भरून पावती घ्यायची आणि येताना ती दाखवायची, शिवाय भाड्याच्या गाडीचं परमिट वेगळं. आमच्या ड्रायव्हरकडे आरसीची झेरॉक्स. मग एक एजंट चिकटला, मी करून देतो म्हणाला, पैसे घेतले, अर्ध्या तासाने आला आणि आणखी मागायला लागला. यात एक तास चाळीस मिनिटं गेली. आई गाडीत बसून घड्याळाकडे बघत होती, काही बोलत नव्हती, आणि तेच मला सहन होईना. शेवटी मीच म्हटलं, गाडी राहू दे इथेच, आपण चालत जाऊ.

आणि खरं सांगते, तेच आधी करायला हवं होतं. चालत बॉर्डर पार करायला आम्हाला पंधरा-वीस मिनिटं लागली. एसएसबीच्या (सशस्त्र सीमा बल) जवानांनी ओळखपत्रं बघितली, बॅगा बघितल्या, एकाने आईला विचारलं, "माताजी, लुंबिनी?" आणि हाताने रस्ता दाखवला. पुढे कमान, आणि कमानीपलीकडे बेलहिया म्हणजे नेपाळ. मध्ये नदी नाही, डोंगर नाही, तोच रस्ता, तीच धूळ, सायकलवर दूधवाला इकडून तिकडे चाललेला. लेक मला विचारते, "आई, आपण आलो पण?" तिला वाटलेलं काहीतरी मोठं असेल. मग तिचा मोबाईल बघते तर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे गेलेलं. तेव्हा कुठे तिला पटलं की देश बदलला.

बेलहियावरून जीप ठरवली, भैरहवा (आता सिद्धार्थनगर म्हणतात) तीन-चार किलोमीटरवर, तिथून लुंबिनी अजून बावीसेक किलोमीटर. सपाट तराई, दोन्हीकडे मोहरी आणि गहू. नेपाळी घड्याळाने सव्वाबाराला लुंबिनीत.

मायादेवी मंदिराबद्दल सगळ्यांनी फोटोत बघितलं असेलच, ती पांढरी इमारत. ती देऊळ म्हणून नाही तर आतल्या अवशेषांवर छप्पर म्हणून बांधलेली आहे. चपला बाहेर, आत फोटो बंद, विटांच्या जुन्या बांधकामाभोवती लाकडी वाटेवरून चालत जायचं आणि मधोमध खाली, जाड बुलेटप्रूफ काचेखाली तो दगड ज्याला जन्मस्थानाची खूण मानतात, वर जन्माचं शिल्प, झिजून गेलेलं. तिथे थांबायला फार मिळत नाही, मागून रांग येतच असते.

पण आईला जे हवं होतं ते बाहेर होतं, अशोकाचा स्तंभ. तिने घरून एक कागद आणला होता, वहीचं पान, चार घड्या घातलेलं. त्यावर तिने स्तंभावरच्या लेखाचा देवनागरीतला मजकूर स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलेला, मोठं मोठं अक्षर, कारण चष्म्यानेही तिला बारीक दिसत नाही. कठड्याशी उभी राहिली, कागद उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली, एकेक शब्दावर बोट ठेवून. दुसऱ्या ओळीत "हिद बुधे जाते सक्यमुनी ति" आलं तिथे थांबली. परत वाचलं. मग मला म्हणाली, "बघ गं, हिद म्हणजे इथे. कुठेतरी नाही. इथे."

शेजारी श्रीलंकेचा एक ग्रुप होता, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आईचा हात धरला, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण "बुद्धं सरणं गच्छामि" दोघींनी बरोबर म्हटलं.

तीन-साडेतीन तास तिथेच होतो. मंदिराशेजारच्या पुष्करिणीच्या (कुंडाच्या) काठावर बसलो, पिंपळाखाली बसलो, आईने मूठभर माती रुमालात बांधून घेतली. चारला निघालो, साडेपाचच्या आत बॉर्डर, गाडी उभीच होती, रात्री नऊला गोरखपूर.

माझं एवढंच म्हणणं आहे की एका दिवसात होतं, नक्की होतं, पण दिवस बॉर्डरवर घालवू नका, स्तंभापाशी घालवा. गाडीचा हट्ट सोडा, चालत पार करा.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगते.

---

पाणपोई

ताई फार छान लिहिलंत, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. आम्ही फेब्रुवारीत जायचं म्हणतोय. एक विचारायचं होतं, सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्याकडे फक्त आधार आहे, मतदान कार्ड हरवलंय. चालेल का? आणि मुलगा १६ वर्षांचा, त्याच्याकडे आधार आणि शाळेचं आयकार्ड.

---

तराईतला_मराठी

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं गोरखपूरला आहे, महिन्याआड कोणी ना कोणी पाहुणे घेऊन सोनौलीला जातो, त्यामुळे मी सांगतो.

पाणपोई ताई, मोठ्या माणसांसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड, हीच दोन कागदपत्रं धरून चालायची. आधार ६५ च्या पुढच्यांना आणि १५ च्या आतल्यांना चालतं, सासूबाई मधल्या गटात येतात. आता प्रत्यक्षात चालत जाणाऱ्याला जवान आधार बघून सोडतात हे मी खूपदा बघितलंय, पण त्यावर विसंबून एवढ्या लांबून या असं मी म्हणणार नाही, एखाद्या दिवशी तपासणी कडक असली की मागे फिरावं लागतं. फेब्रुवारीला वेळ आहे, मतदान कार्डाची डुप्लिकेट काढून घ्या. आणि १५ ते १८ मधल्या मुलासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीचं ओळखीचं प्रमाणपत्र घ्या, फोटोसकट, तसा नियमच आहे. सगळे एकाच कुटुंबातले असतील तर एकाकडे पासपोर्ट किंवा मतदान कार्ड आणि बाकीच्यांकडे फोटो आणि नातं दाखवणारं काहीतरी, हेही चालतं, तरी मी म्हणेन पूर्ण तयारीने या.

व्हिसा भारतीयांना नाहीच, १९५० च्या मैत्री करारापासून दोन्हीकडच्या लोकांना मोकळं येणंजाणं आहे. पासपोर्ट असला तरी शिक्का मारत नाहीत, आठवण म्हणून शिक्का हवा असतो लोकांना, मागू नका, उगाच वेळ जातो.

आता पैशांचं. तिकडे दुकानदार किंमत सांगतो तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. १०० आयसी बरोबर १६० एनसी, हा दर १९९३ पासून तोच आहे त्यामुळे हिशेब सोपा. पण न विचारता १६० चं ऐकून १६० आपले देऊन येणारी माणसं मी बघितली आहेत. सुटे परत मिळतात ते एनसीमध्ये, ते परत येताना बेलहियात खर्च करून टाका. शंभरच्या नोटा न्या, मोठ्या नोटांचे नियम मधे मधे बदलत आलेत आणि दुकानदार घ्यायला कां कूं करतात. २०२४ पासून नेपाळात तिकडच्या फोनपेच्या (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआय चालायला लागलंय, पण त्यासाठी ॲपमध्ये इंटरनॅशनल चालू करावं लागतं आणि नेट लागतं, आणि तिकडे आपलं नेट म्हणजे रोमिंग. त्यामुळे रोकड ठेवाच.

---

मोहरीचं_शेत

रोमिंगवरून सांगते, बॉर्डरच्या अलीकडेच डेटा रोमिंग बंद करा. फोन आपोआप तिकडचा टॉवर पकडतो आणि कळतही नाही. माझ्या भावाला सोनौलीच्या बाजारात उभा असताना नेपाळचं वेलकम आलेलं! मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा आणि आपल्या माणसांची चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. आम्ही लुंबिनीतल्या "अखंड ज्योतीपाशी" असं ठरवलेलं, सगळ्यांना सापडते ती.

---

दीक्षाभूमीचा_पाईक

जयभीम. लेख आवडला पण मला एक वेगळं मत मांडायचंय, रागावू नका ताई.

लुंबिनी एका दिवसात उरकायची जागा नाही असं मला मनापासून वाटतं. आम्ही नागपूरहून बसने जातो, सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती असं सगळं, आणि प्रत्येक वेळी लुंबिनीलाच सगळ्यात कमी वेळ मिळतो कारण मध्ये बॉर्डर. लोक चपला काढतात, दर्शन घेतात, चपला घालतात, चला. ज्या भूमीवर सिद्धार्थ जन्मला तिथे दोन तास? एक मुक्काम कराच. पहाटे पाच-साडेपाचला तिथे काय वातावरण असतं, धुक्यात कालव्याच्या कडेने भिक्खू चालत येतात, बाकी कोणी नसतं. आणि नुसतं मायादेवी मंदिर नाही, अख्खा परिसर बघण्यासारखा आहे. जपानी वास्तुकार केंझो तांगे यांनी आराखडा केला, १९७८ मध्ये तो मंजूर झाला, तीन चौरस मैलांचा. मध्ये लांब सरळ कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायानी (बौद्धांचे हे दोन मुख्य पंथ), उत्तरेच्या टोकाला जपान्यांचा पांढरा शांतिस्तूप. त्यामागे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट होते, ते १९६७ मध्ये इथे आले आणि जागेची अवस्था बघून हेलावून गेले, तिथून हे काम सुरू झालं. बर्मी माणूस, बौद्ध माणूस. हे सगळं समजून बघायचं तर दोन दिवस हवेत.

---

रानजाई

दादा जयभीम, रागवायचं काय त्यात, तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. मुक्काम करता आला असता तर केलाच असता. पण आईची औषधं, तिचं रात्रीचं मशीन (तिला झोपेत श्वासाचा त्रास आहे), आणि गोरखपूरला नातेवाईकांकडे सगळी सोय, म्हणून एकच दिवस. ज्यांना मुक्काम शक्य नाही ते लोक जायचंच सोडून देतात, "आता कुठे होणार" म्हणतात, त्यांच्यासाठी मी लिहिलं. एक दिवस मिळाला तरी जावं, फक्त त्या एका दिवसात आठ ठिकाणं कोंबू नयेत. आम्ही शांतिस्तूप बघितलाच नाही, एकही विहार आतून बघितला नाही, आणि आईला त्याचं काही वाटलं नाही.

---

दीक्षाभूमीचा_पाईक

पटलं ताई. आमच्या बसमध्येही अशा आज्या असतात. पुढच्या खेपेला मीच आयोजकांना सांगणार की शांतिस्तूप गाळा पण स्तंभापाशी तास द्या.

---

गुडघेदुखी_आणि_मी

चालणं किती आहे हे कोणीतरी स्पष्ट सांगा. बाबांना दोनशे पावलांवर थांबावं लागतं. बॉर्डर चालत पार करा म्हणताय, ते जमेल का त्यांना?

---

तराईतला_मराठी

काका की ताई माहीत नाही, पण सांगतो. बॉर्डर ओलांडायला सायकलरिक्षा आणि ई-रिक्षा मिळते, ती इकडून बसून सरळ पलीकडे नेऊन सोडते, तपासणीला फक्त उतरायचं. त्यामुळे "चालत" म्हणजे स्वतःची गाडी न नेता, एवढाच अर्थ घ्या. लुंबिनीच्या आत ई-रिक्षा आहेत, त्या मायादेवी मंदिराच्या बऱ्यापैकी जवळ नेतात, शेवटचा टप्पा मात्र चालायचाच आहे. बाबांसाठी घडीचं स्टूल सोबत घ्या, ते खूप कामाला येतं. थंडीत मंदिराबाहेर अनवाणी फरशी बर्फासारखी असते, जाड मोजे ठेवा, आणि उन्हाळ्यात तीच फरशी तापते तेव्हाही मोजेच कामाला येतात.

हवामान म्हणाल तर नोव्हेंबर पहिला पंधरवडा आणि फेब्रुवारी शेवटचा पंधरवडा सगळ्यात चांगला. जानेवारीत शीतलहर, दुपारी बारापर्यंत ऊन दिसत नाही, गाड्या लेट. बुद्धपौर्णिमेला गर्दी प्रचंड आणि पारा चाळीशीच्या आसपास, वयस्कर माणसांना आणू नका.

आणखी दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. एक, नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी. शनिवारी लुंबिनीत स्थानिकांची गर्दी, सहली, आणि बँक वगैरे बंद. मंगळ-बुध सगळ्यात शांत. दोन, निवडणूक. इकडची असो की तिकडची, मतदानाच्या आधी दोन-तीन दिवस बॉर्डर सील करतात, माणसं चालतसुद्धा सोडत नाहीत. तारखा बघूनच तिकीट काढा. २०२५ च्या सप्टेंबरात नेपाळमधल्या आंदोलनाच्या वेळीही अचानक सगळं ठप्प झालेलं, माझ्याकडे तेव्हा साताऱ्याचे पाहुणे होते, चार दिवस गोरखनाथ मंदिर आणि कुशीनगर करून परत गेले. उघडी बॉर्डर आहे म्हणजे कायम उघडी असं नाही.

---

पिंपळपान

आमची सून अमेरिकन नागरिक आहे, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे तिच्याकडे. ती आमच्याबरोबर अशीच जाऊ शकेल ना?

---

तराईतला_मराठी

नाही. ओसीआय म्हणजे भारतात यायला-जायला व्हिसा नको एवढंच, नेपाळसाठी ती परदेशीच. तिला बेलहियाला नेपाळच्या इमिग्रेशन ऑफिसात ऑन अरायव्हल व्हिसा घ्यावा लागेल, डॉलर आणि फोटो जवळ ठेवा. आणि त्याआधी सोनौलीला आपल्या इमिग्रेशनमध्ये बाहेर जाण्याचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका! ते ऑफिस बाजारातच आहे, सहज नजरेला पडत नाही, लोक चालत चालत पुढे निघून जातात आणि मग गोंधळ होतो. येताना पुन्हा उलट क्रमाने दोन्ही शिक्के. एका दिवसाच्या ट्रिपमध्ये तिच्यासाठी जास्तीचा दीड-दोन तास धरा. ज्यांच्याकडे ओसीआय नाही, साधा भारतीय व्हिसा आहे अशा परदेशी पाहुण्यांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का ते बघा, नाहीतर ते परतच येऊ शकणार नाहीत.

---

गोदाकाठ

मी नांदेडचा. धागा वाचून आठवण झाली, पाकिस्तानातल्या करतारपूर गुरुद्वाऱ्याला जाणारा करतारपूर कॉरिडॉर ९ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला आणि आम्ही चार मित्र डिसेंबरातच गेलो होतो. तिथे मात्र सगळं उलट. आधी ऑनलाइन नोंदणी, पोलीस पडताळणी, पासपोर्ट पाहिजेच, माणशी २० डॉलर, सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचंच. साडेचार किलोमीटरचं अंतर, पण वाटतं किती लांब आलो. लंगरमध्ये शेजारी लाहोरचे एक आजोबा बसलेले, त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने खीर वाढली. नांदेड म्हटल्यावर "हुजूर साहिब!" म्हणाले आणि माझ्या पायाला हात लावायला वाकले, मी त्यांचे हात वरच्या वर धरले. २०२५ च्या मेमध्ये तो रस्ता बंद झाला. ज्यांची बॉर्डर उघडी आहे त्यांनी जाऊन यावं, आज जाता येतंय तोवर.

---

रानजाई

गोदाकाठ दादा, तुमचं वाचून काय लिहावं कळेना. यावर एक वेगळा धागा काढा ना प्लीज, सविस्तर लिहा.

---

ढगांच्या_गावी

एक दिवसाच्या बॉर्डर ट्रिपमध्ये भूतानचं फुंत्शोलिंगही येतं, बंगालमधल्या जयगावला लागून. आम्ही डुआर्सला गेलो तेव्हा केलं. ओळखपत्र दाखवून पादचाऱ्यांच्या टर्मिनलमधून पलीकडे, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. पैसे सोपे, एक न्गुलट्रुम म्हणजे एक रुपया. मुक्काम केला आणि आत पारो-थिंफूला गेलात तर भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये विकास शुल्क आहे, नुसतं फुंत्शोलिंग गाव बघून त्याच दिवशी परत आलात तर ते लागत नाही. भिंतीच्या अलीकडे हॉर्न आणि गर्दी, पलीकडे पाऊल टाकलं की शांतता, गाड्या माणसांसाठी थांबतात. मुलांना ते फार लक्षात राहिलं.

---

इतिहासवेडा_विदर्भ

लुंबिनीबरोबर त्याच दिवशी तिलौराकोट होईल का? आणि कपिलवस्तू नक्की कुठलं, नेपाळातलं तिलौराकोट की आपल्याकडचं पिप्रहवा? दोन्हीकडे बोर्ड आहेत म्हणे.

---

तराईतला_मराठी

गोरखपूरहून निघून एका दिवसात होणार नाही, तिलौराकोट लुंबिनीपासून अजून पंचवीस-तीस किलोमीटर पश्चिमेला. मुक्काम असेल तर जरूर करा, पूर्वेचा दरवाजा बघा, तिथूनच सिद्धार्थ घर सोडून गेला असं मानतात.

कपिलवस्तूवर दोन्ही बाजूंचे विद्वान आपापलं मांडतात, मी त्यात पडत नाही, मी दोन्हीकडे नमस्कार करतो. पिप्रहवा आपल्या उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात, बॉर्डरच्या अगदी जवळ. १८९८ मध्ये पेप्पे नावाच्या इंग्रज जमीनदाराने तिथला स्तूप खणला आणि अस्थिकलश सापडला, त्यावर शाक्यांचा उल्लेख असलेला ब्राह्मी लेख. त्याच्याबरोबरची रत्नं पेप्पेंच्या वारसांकडे होती, ती २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघालेली, भारत सरकारने लिलाव थांबवायला लावला आणि जुलैमध्ये ती परत भारतात आली. तो स्तूप बघायला कुठलीच बॉर्डर ओलांडावी लागत नाही, त्यामुळे ज्यांना कागदपत्रांची अडचण आहे त्यांनी निदान पिप्रहवा तरी करावं.

लुंबिनीला जो स्तंभ आहे तो मात्र वादाच्या पलीकडचा. १८९६ च्या डिसेंबरात तो मोकळा करून वाचला गेला, तोपर्यंत ती जागा रुम्मिनदेई म्हणून गावकरी देवी पुजायचे तेवढीच उरलेली. विचार करा, नावात लुंबिनी टिकून होती, लुंमिनी-रुम्मिन, पण कोणाला ठाऊक नव्हतं. मायादेवी मंदिरातल्या नंतरच्या एका उत्खननात, २०११ ते २०१३ च्या सुमारास, विटांच्या खाली लाकडी बांधकामाच्या खुणा सापडल्या, इसवी सनाच्या आधी सहाव्या शतकातल्या.

---

चाळीस_जणांची_बस

नमस्कार, धागा पूर्ण वाचला, फार उपयोग झाला. आमच्या विहारातून फेब्रुवारीत ४२ जण जातोय, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढच्या बाया. तुमचं वाचून ठरवलं की बस सोनौलीलाच उभी करायची आणि पलीकडे स्थानिक बस ठरवायची. प्रत्येकाचं कागदपत्र आजपासून तपासतोय, सात जणींचं मतदान कार्ड निघालं नाही, त्यातल्या चौघी ६५ च्या पुढच्या आहेत म्हणजे तिघींचं करायचं.

रानजाई ताई, एक विनंती. तुमच्या आईंनी वाचला तो कागद इथे टाकाल का? आमच्याकडे सगळ्यांना पाठ करून घ्यायचाय.

---

रानजाई

दादा, आईला विचारलं, तिने कागद आणून दिला. अजून त्याच चार घड्या, मध्ये थोडा फाटलाय. तसाच उतरवते:

देवानपियेन पियदसिन लाजिन वीसतिवसाभिसितेन
अतन आगाच महीयिते हिद बुधे जाते सक्यमुनी ति
सिलाविगडभीचा कालापित सिलाथभे च उसपापिते
हिद भगवं जाते ति लुंमिनिगामे उबलिके कटे
अठभागिये च

अर्थ असा की देवांना प्रिय अशा प्रियदर्शी राजाने राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर इथे स्वतः येऊन पूजा केली, कारण इथे बुद्ध शाक्यमुनी जन्मले. तिसऱ्या ओळीतल्या सिलाविगडभीचा या शब्दाचा अर्थ लोक वेगवेगळा लावतात, दगडी भिंत म्हणा, पुढे स्तंभ उभारला ते स्पष्ट आहे. आणि भगवान इथे जन्मले म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि धान्याचा फक्त आठवा हिस्सा ठेवला. शेवटचं वाक्य आईला सगळ्यात आवडतं. ती म्हणते, राजा नुसता नमस्कार करून गेला नाही, गावच्या माणसांच्या पोटाचं बघून गेला.

---

चाळीस_जणांची_बस

खूप खूप आभार ताई, आईंनाही सांगा. आजच मोठ्या टाइपात ४२ प्रती काढतो, जाड कागदावर.

---

रानजाई

सांगितलं तिला. खूश झाली. म्हणाली, प्रती काढाल तेव्हा "लाजिन" खाली अर्थ नक्की लिहा, तिकडच्या बोलीत र चा ल व्हायचा, लाजा म्हणजे राजा, नाहीतर बायांना वाटेल लाजेचं काहीतरी आहे. आणि अक्षर अजून एक बोट मोठं करा म्हणाली, धुक्यात चष्म्यावर पाणी येतं.